मिस्त्रींचं पारणं

“मामा, काट्यावरनं उतरा आणि परत चढा,” फिरोज म्हणाला.

मी उतरलो, परत चढलो. आकडा काही बदलला नाही. अडुसष्ट किलो नऊशे ग्रॅम.

“शुक्रवारी तुम्हाला चौसष्टवर घरी सोडलं होतं. आज मंगळवार. चार दिवसांत पाच किलो! आणि हे काय अंगाला लागलेलं तूप न्हाई, सगळं पाणी हाय. कुठं प्यालात एवढं?”

“थोडं थोडं सगळीकडं,” मी म्हणालो.

फिरोज हा आमच्या डायलिसिस विभागातला टेक्निशियन. वय सव्वीस, पण रागवायचा आजोबासारखा. मला पलंगावर झोपवून, डाव्या हाताला दोन सुया टोचून त्यानं मशीन सुरू केलं आणि काही न बोलता निघून गेला. तो बोलायचा थांबला की समजायचं, प्रकरण गंभीर आहे.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो आणि माझ्या दोन्ही किडन्यांनी आठ महिन्यांपूर्वी कामाचा राजीनामा दिला होता. लघवी जवळजवळ बंद. पोटात जाईल ते पाणी अंगातच साठायचं आणि दर मंगळवारी, शुक्रवारी सकाळी चार तास मशीनला जोडून ते उपसावं लागायचं. डॉक्टरांनी दिवसाला सातशे मिली ठरवून दिलं होतं. चहा, आमटी, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्यातच. जास्त झालं की ते फुफ्फुसात शिरतं आणि माणूस पलंगावर बसल्या जागी बुडतो, असं डॉक्टरांनी मला स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. दोनदा मी त्या वाटेनं अर्ध्यापर्यंत जाऊनही आलो होतो.

तिसऱ्या तासाला माझ्या पोटरीत गोळा आला. पाच किलो पाणी चार तासांत ओढायचं म्हणजे शरीर तक्रार करणारच. मी ओरडलो. फिरोज धावत आला, पाय दाबला, सलाईन सोडलं. गोळा उतरल्यावर शेजारच्या पलंगावरून आवाज आला.

“बोंगाळे, असं किती दिवस चालायचं?”

या सुमतीकाकू मगदूम. साठीच्या, उदगावच्या. तीन वर्षं मशीनवर होत्या आणि त्यांचं वजन दोन खेपांत कधी दीड किलोच्या वर चढलेलं नव्हतं. फिरोज आम्हाला त्यांचं उदाहरण द्यायचा, त्यामुळे आम्ही बाकीचे पेशंट त्यांच्यावर मनातून जरा नाराजच होतो.

“काकू, माझा धंदा तुम्हाला माहीत आहे,” मी म्हणालो. “शिलाई मशीन दुरुस्त करतो. दिवसाला सात-आठ घरं. दारात पाय ठेवला की तांब्याभर पाणी. मशीन उघडलं की चहा. तेल देऊन झालं की पुन्हा चहा. सोमवारी सात घरं झाली.”

“मग नको म्हणावं.”

“म्हणतो की. नको म्हटलं की चहाऐवजी सरबत येतं.”

काकू हसल्या. “मग सरळ सांगावं, मला असा असा आजार हाय म्हणून.”

“ते एकदा करून बसलोय,” मी म्हणालो.

आजार कळला तेव्हा मी एका कारखानदाराला भाबडेपणानं सगळं सांगितलं होतं. त्याच्याकडं वीस मशिनं होती, आठवड्याला माझी फेरी असायची. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, डोळ्यांत पाणी आणलं, “मिस्त्री, तुम्ही आता आराम करा” म्हणाला आणि दुसऱ्या आठवड्यापासून सांगलीचा मिस्त्री बोलावला. तेव्हापासून मी कुणापाशी तोंड उघडलं नव्हतं. हातावरच्या सुयांच्या खुणा दिसू नयेत म्हणून मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचो. घरात मी, बायको विजया आणि बारावीतली लेक. मिस्त्री गेला कामातून, अशी आवई एकदा उठली असती तर मग संपलंच. मला मरणापेक्षा त्या वाक्याची धास्ती जास्त होती.

काकू म्हणाल्या, “आमच्यात बघा, कुणी म्हटलं की माझा नियम हाय, तर त्याला कुणी आग्रह करत न्हाई. सूर्य मावळल्यावर पाणी न्हाई, तर न्हाई. एकदाच जेवायचं, तर एकदाच. समोरचा ताट मागं घेतो आणि वर हात जोडतो. तुम्ही पण म्हणा, नियम हाय.”

“पण मी जैन नाही. आणि हा नियम कसला, डॉक्टरांची चिठ्ठी ही.”

“चिठ्ठी त्यांनी दिली. पाळायची का न्हाई ते तुम्ही ठरवणार न्हवं? आपण ठरवून घेतला, तो नियम. मी रोज सकाळी सातशे मिली बाटलीत भरून घेते आणि हात जोडते. त्याला मी आजार म्हणत न्हाई.”

मला ते पटलं असं नाही. पण पोटरी अजून ठणकत होती.

*

दुसऱ्या दिवशी अकराव्या गल्लीत रत्नमाला चौगुले यांच्याकडं गेलो. जयसिंगपुरात पत्ता गल्लीच्या नंबरानंच सांगतात. रत्नमालाताईंच्या पुढच्या खोलीत तीन मशिनं, गळ्यात कायम टेप, केसात खोचलेली सुई. ब्लाऊज त्यांच्याकडूनच शिवायचा, असा निम्म्या गावाचा हट्ट. शिवाय तिथल्या महिला मंडळाच्या त्या अध्यक्ष. त्यांच्या घरी घडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर होते, हे मला आधी सुचायला हवं होतं.

“घ्या मिस्त्री, पाणी घ्या आधी,” त्यांनी तांब्या पुढं केला.

“नको ताई. नियम आहे.”

तांब्या जागच्या जागी थांबला. “कसला ओ?”

“बाहेर कुणाकडं काही घ्यायचं नाही.”

“पाणी पण न्हाई?”

“थेंबसुद्धा नाही.”

एवढ्यावर थांबलो असतो तर ही कथा सांगायची वेळच आली नसती. पण त्यांनी विचारलं, “किती दिवसांचा घेतलाय?” आणि नुकताच चातुर्मास बसला होता, तेवढंच माझ्या डोक्यात आलं.

“चातुर्मासभर,” मी म्हणालो.

रत्नमालाताईंनी तांब्या आत नेऊन ठेवला. परत आल्या आणि माझ्यापुढं हात जोडले. मी घाईघाईनं खाली बसून मशीनचं शटल उघडलं. कान गरम झाले होते, पण घसा कोरडाच राहिला आणि तो कोरडा ठेवूनच मी बाहेर पडलो. त्या दिवशी सहा घरं केली. सहा घरांत नियम सांगितला.

शुक्रवारी फिरोजनं काटा बघितला, मला उतरवलं, परत चढवलं.

“मामा, तब्येत बरी हाय न्हवं? दीडच किलो!”

शेजारून काकूंनी मान हलवली. मी त्यांच्याकडं बघून हसलो. चातुर्मासाचं मात्र बोललो नाही. का, ते तेव्हा माझं मलाही नीट कळलं नव्हतं.

बातमी पसरली. कुणी म्हणालं, मिस्त्रींनी लेकीच्या शिक्षणासाठी नियम घेतलाय. कुणी म्हणालं, नवस फेडतायत. सहाव्या गल्लीत एका बाईंनी मला बसायला पाट दिला, पाटाभोवती रांगोळीची रेघ ओढली, आणि मी त्या पाटावर बसून त्यांच्या मशीनचा तुटका पट्टा बदलला. नवं मशीन घेतलं की पहिला टाका मिस्त्रींच्या हातून घालायचा, अशी एक टूम निघाली. “नियमाचा हात हाय,” बायका म्हणायच्या. ज्या घरांनी वर्षभर मला बोलावलं नव्हतं तीही बोलवायला लागली.

आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं. आठ महिने मी लपत फिरत होतो. आता मान वर करून दारातून आत जात होतो. अंगावर सूज नव्हती, धाप नव्हती, रात्री आडवं झोपता येत होतं. एकच गोष्ट टोचायची. लोक हात जोडायचे ते मला नाही, ज्या माणसाला जोडायचे तो मी नव्हतोच.

विजया मात्र भुलणाऱ्यातली नव्हती. “नियम डॉक्टरांचा, पाळायला लावते मी, भाज्या उकळून पाणी फेकते मी, आणि नमस्कार तुम्हाला,” ती म्हणायची. “एक दिवस अंगाशी येणार बघा हे.”

*

आलं. कार्तिकात रत्नमालाताई हळदकुंकवाची पिशवी घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या.

“वहिनी, सोमवारी चार वाजता मिस्त्रींना घेऊन मंडळाच्या हॉलवर यायचं. चार महिन्यांचा नियम पुरा झाला, आता पारणं नको का करायला? ते आम्ही करणार.”

पारणं म्हणजे व्रत सोडवणं. मी म्हणालो, “अहो ताई, कशाला एवढं?”

“तुम्ही गप बसा. चार महिने आमच्या दारातनं कोरडे गेलाय. आमच्या जिवाला काय वाटत असंल? एक्केचाळीस जणी हाय आम्ही. प्रत्येकीनं आपल्या हातनं एकेक वाटी पाजायची, असं ठरलंय. एक्केचाळीस शहाळी सांगून ठेवल्यात.”

त्या गेल्या. विजया दार लावून तिथंच उभी राहिली.

“शहाळी,” ती म्हणाली.

ज्याला डायलिसिस माहीत नाही त्याला सांगतो. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम असतं. धडधाकट माणसाला ते अमृत. आमच्यासारख्याला मात्र पहिल्याच दिवशी वर्ज्य गोष्टींची यादी देतात, तिच्यात शहाळं सगळ्यात वर असतं, कारण त्यानं हृदय अचानक थांबू शकतं. आणि इथं एक्केचाळीस वाट्या. एकेक वाटी शंभर मिलीची धरली तरी चार लिटर. तेही सोमवारी, म्हणजे शुक्रवारनंतरचं सगळं पाणी अंगात साठलेलं असताना.

विजयाला आधी हसू आवरेना. हसता हसता ती खाली बसली आणि मग तिला रडू आवरेना.

“ताप आलाय म्हणून सांगू,” मी म्हणालो.

“मग मंगळवारी करतील. बुधवारी करतील. तुमच्यावर जीव आहे त्यांचा, सोडतायत होय?”

“मिरजेला ताईकडं जाऊन राहतो.”

“आणि आल्यावर?” विजयानं पदरानं डोळे पुसले. “अहो, किती दिवस पळणार? मलाच आता दम लागतोय.”

*

शुक्रवारी मशीन सुरू झाल्यावर मी काकूंना सगळं सांगितलं. मला वाटलं, त्या हसतील. त्यांचा चेहरा उतरला.

“चातुर्मास म्हणालात तुम्ही?”

“तोंडातून गेलं.”

“मी नुसतं नियम म्हणा म्हटलं होतं. ते खरं होतं.” त्या थांबल्या. “चातुर्मासाचं नाव कशाला घेतलंत?”

पुढचा तासभर त्या बोलल्या नाहीत. मशीनचा पंप फिरत होता, फिरोज बीपी बघून गेला. मग त्या छताकडं बघत बोलायला लागल्या, माझ्याशी की स्वतःशी ते कळेना.

“लग्न होऊन आले तेव्हापासनं भाद्रपदात दहा दिवस एकाशन करायची मी. एकदाच जेवण, एकदाच पाणी. बत्तीस वर्षं एक साल चुकलं न्हाई. मशीनवर आले, डॉक्टरांनी बंद केलं. म्हणाले, उपाशी राहायचं न्हाई, रात्रीच्या गोळ्या चुकवायच्या न्हाईत. तीन वर्षं मी आमच्या देवळात, बस्तीत गेले न्हाई, बोंगाळे. सगळ्याजणी पारणं करतात, रस देतात, आणि मी तिथं बसून काय करू? ना उपास करता येत, ना सोडता येत. आणि तुम्ही चातुर्मास असा तोंडातनं गेला म्हणता.”

मला माझ्या अंगातलं सगळं रक्त त्या नळीतून निघून गेल्यासारखं वाटलं. मी आजवर स्वतःच्याच भीतीत इतका गुरफटलो होतो, की शेजारच्या पलंगावरची ही बाई त्या सातशे मिलीला हात का जोडते, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

“चुकलो, काकू.”

“मला सांगून काय उपयोग? त्यांना सांगा.”

“सांगतो,” मी म्हणालो. ते तोंडातून गेलं नव्हतं, मी ठरवून म्हणालो होतो. “पण काम जाणार सगळं.”

“जाईल कदाचित.” सुया काढून झाल्यावर त्यांनी हातावर पट्टी दाबून धरली आणि उठताना म्हणाल्या, “किती वाजता हाय म्हणालात?”

*

सोमवारी हॉल भरला होता. सतरंजीवर बायका, समोर पाट, पाटाभोवती फुलं, आणि भिंतीला लागून हिरवीगार शहाळी एकावर एक रचलेली. मला इतकी तहान लागली होती, की त्यांच्याकडं बघवत नव्हतं. दारापाशी सुमतीकाकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. रिक्षानं एकट्याच आल्या होत्या. कुणी त्यांना ओळखत नव्हतं.

रत्नमालाताईंनी मला पाटावर बसायला सांगितलं. मी बसलो नाही.

“ताई, आधी मला बोलायचं आहे.”

“बोला की.”

तीन दिवस मी मनात भाषण घोळवलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवेना. मी डाव्या बाहीचं बटण सोडलं आणि बाही कोपरापर्यंत वर केली. पट्टीचे चट्टे, टोचून टोचून फुगलेली शीर, सगळं दिसलं. पुढच्या ओळीतली एक मुलगी “अगं बाई” म्हणाली.

“माझ्या किडन्या बंद पडल्यात,” मी म्हणालो. “पडून वर्ष होत आलं. आठवड्यातून दोनदा डायलिसिसवर असतो. दिवसाला सातशे मिलीच्या वर प्यायलो तर जीव जाईल, म्हणून तुमचं पाणी घेत नव्हतो. चातुर्मासाचं खोटं सांगितलं. आजार कळला की कुणी मशीनला हात लावू देणार नाही, याची भीती होती. तुम्ही हात जोडलेत, पाट दिलेत, ते मी घेत राहिलो. मला माफ करा.”

विजया माझ्या मागं उभी होती.

पहिल्या बोलल्या त्या चंपाक्का. मंडळात सगळ्यात थोरल्या, पंच्याहत्तरीच्या. “म्हंजे धर्माच्या नावावर खोटं बोललास?”

“हो.”

“आन् आम्ही पाया पडलो तुझ्या?”

“हो, आक्का.”

“त्यांना मी शिकवलं,” दारातून आवाज आला. सगळ्या माना वळल्या. सुमतीकाकू भिंतीचा आधार घेत उठल्या होत्या. “चातुर्मासाचं न्हाई, ते त्यांचं त्यांनी लावलं. पण नियम म्हणा, हे मी सांगितलं. मी उदगावची, मगदुमांची. मलाही तोच आजार हाय. आम्ही शेजारी शेजारी असतो तिथं.”

चंपाक्कांनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. “तुला किती पाणी?”

“सातशे मिली.”

“रोज?”

“रोज.”

“उन्हाळ्यात बी?”

“उन्हाळ्यात बी. लई झालं तर लिंबाची फोड चोखते.”

“किती वर्सं झाली?”

“तीन.”

चंपाक्का शेजारणीकडं वळून हळूच म्हणाल्या, “तीन वर्सं, गं. आपण दहा दिवस करतो आन् गावभर सांगतो.” आणि पुन्हा माझ्याकडं बघून, आवाज चढवून, “पर खोटं ते खोटंच. ते तुझं तू देवाला सांग.”

“सांगतो,” मी म्हणालो.

मला वाटलं, संपलं. आता बाही खाली करावी, विजयाला घेऊन निघावं. पण रत्नमालाताई जागच्या उठल्या नव्हत्या. गळ्यातला टेप बोटाला गुंडाळत त्या माझ्याकडं रोखून बघत होत्या. कमी कापडात गिऱ्हाइकाला हवं ते कसं बसवायचं, याचा विचार करताना त्या अशाच बघायच्या.

“आज किती प्यालाय?” त्यांनी विचारलं.

“अं?”

“सकाळपासनं. सातशेतलं किती झालं?”

मी विजयाकडं पाहिलं. “चारशे,” ती म्हणाली. “सकाळचा चहा, गोळ्या आणि जेवताना थोडं.”

“म्हंजे तीनशे शिल्लक. आणि आम्ही एक्केचाळीस.” त्यांनी मागच्या मुलीला हाक मारली. “दीपाली, तुझ्या पोराच्या औषधाचा चमचा हाय न्हवं पिशवीत? खुणेचा? किती मिलीचा हाय तो?”

“पाचचा, काकू.”

“पाच एक्केचाळीस दोनशे पाच.” रत्नमालाताईंनी टेप गळ्यात टाकला. “बसतंय की! शहाळं न्हाई, साधं पाणी. उकळून गार केलेलं आणा. बसा मिस्त्री पाटावर. चार महिने पाणी न घेता गेलात, ते तर खोटं न्हाई न्हवं?”

मी बसलो.

चमचा धुऊन आणला. एक भांडं पाणी आलं. रत्नमालाताईंनी भर हॉलमध्ये दम दिला, “खुणेच्या वर कुणी भरायचं न्हाई. माया दाखवायला जाल आणि माणूस घालवाल. दीपाली, तू मोज.” आणि त्यांनी पहिला चमचा माझ्या तोंडाजवळ आणला.

“एक,” दीपाली म्हणाली.

वर्षभरात दुसऱ्याच्या हातून इतक्या निर्धास्तपणे मी पाणी घेतलं नव्हतं. पाच मिली म्हणजे जिभेवर पसरतं आणि घशापर्यंत पोचता पोचता संपतं. एकेक बाई यायची, वाकायची, खुणेपर्यंत भरायची, डोळ्यांजवळ नेऊन तपासायची. कुणी म्हणायची, “मिस्त्री, माझं मशीन तुम्हीच बघायचं.” एकीनं चमचा देताना खाली वाकून कानाशी सांगितलं, “आमच्या ह्यांना मिरगीचे झटके येतात, बारा वर्षं झाली, कुणाला सांगितलं न्हाई. एकदा घरी येऊन बोला त्यांच्याशी.” मी मान हलवली. डोळ्यांतलं पाणी आवरत नव्हतं. हे फिरोजच्या हिशेबात धरायचं की नाही, असाही एक विचार डोक्यात येऊन गेला.

चंपाक्कांनी दिला तेव्हा अर्धा चमचा माझ्या शर्टावर सांडला. “परत भर,” त्या दीपालीला म्हणाल्या. “ह्याचा हक्क हाय त्यो.”

“एक्केचाळीस,” दीपाली म्हणाली. “दोनशे पाच झालं.”

तेव्हा दारापासून सुमतीकाकू पुढं आल्या. बायकांनी वाट दिली. त्यांनी पिशवीतून आपली पाण्याची बाटली काढली. तळाशी बोटभर पाणी होतं, त्यांचं त्या दिवसाचं राहिलेलं.

“काकू, नको,” मी म्हणालो. “ते तुमचं आहे.”

“माझंच हाय, म्हणून देते. तुमच्यात पंच्याण्णव उरल्यात, माझ्यात ऐंशी. मी पाच सोडले.” त्यांनी बाटलीतून चमचा खुणेपर्यंत भरला. हात अजिबात हलला नाही. “तीन वर्षांत कुणाचं पारणं केलं नव्हतं मी.”

मी तोंड उघडलं.

“बेचाळीस,” दीपाली म्हणाली.

रत्नमालाताईंनी मग काकूंचा हात धरून त्यांना माझ्या शेजारी पाटावर बसवलं. “आता यांची पाळी. पंच्याहत्तर राहिल्यात म्हणताय न्हवं? पंधरा जणी बसतात. कोण कोण येतंय?” उठलेल्या बायकांची गर्दी एवढी झाली, की पंधराजणी निवडायला त्यांना दरडावावं लागलं. काकूंनी पहिल्याच चमच्याला डोळे मिटले आणि पंधरावा संपेपर्यंत उघडले नाहीत.

शहाळी मंडळानंच संपवली. आम्ही दोघं पाटावर बसून ते बघत होतो आणि मला नवल वाटलं, मघाशी बघवत नव्हतं ते आता बघवत होतं.

निघताना रत्नमालाताई दारापर्यंत आल्या. “मिस्त्री, मधल्या मशीनचा दोरा तुटतोय सारखा. दिवाळीपासनं तसंच चालवतोय. उद्या येऊन जावा.”

वर्षभर मी अशा वेळी काही ना काही सबब सांगायचो. पाहुणे आहेत, सांगलीला जायचंय, गाडी बिघडलीय.

“उद्या नाही जमणार, ताई,” मी म्हणालो. “उद्या मंगळवार. मंगळवारी आणि शुक्रवारी माझं डायलिसिस असतं.”

“मग बुधवारी या,” त्या म्हणाल्या, आणि जाऊन सतरंजी गोळा करायला लागल्या.